दाहाचा निरोप्या

१९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातला अँथनी सेरामी हा जीवरसायनशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या गुरांच्या एका आजारामागे लागला होता. ट्रिपॅनोसोम नावाचा परजीवी रक्तात शिरला की केनियातली गुरं खंगत जातात. चारा समोर असतो, पण जनावर तोंड लावत नाही. बरगड्या मोजता येतील इतकं वाळतं आणि मरतं. सेरामीला खटकत होतं ते वेगळंच. मरायला टेकलेल्या जनावराच्या रक्तातही परजीवी फारसे सापडत नसत. एवढ्याशा परजीवींनी एवढं मोठं जनावर कसं मरावं? त्यानं प्रयोगशाळेत सशांना हीच लागण करून पाहिली. ससे रोडावले, पण रोडावत असतानाच त्यांच्या रक्तात चरबी साठत गेली. रक्तातली चरबी पेशींपर्यंत पोचवायला मदत करणारं एन्झाइम मंदावलं होतं. हे परजीवीचं थेट काम दिसत नव्हतं. सशाच्या स्वतःच्या शरीरात तयार होणारं काहीतरी ते घडवून आणत असावं, असा सेरामीचा तर्क होता.

आज मुंबई-पुण्यातल्या इस्पितळात क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या रोगासाठी रुग्णाला इन्फ्लिक्सिमॅब हे जे औषध सलाईनमधून चढवलं जातं, त्याच्या इतिहासाचा एक धागा या गुरांपर्यंत जातो. मला हा इतिहास मोलाचा वाटतो तो एका कारणासाठी. आतड्याच्या दाहात कोणता रेणू काय करतो हे आधी समजलं आणि मग त्यावर औषध निघालं, असं इथे क्वचितच घडलं. बहुतेक वेळा औषध आधी रुग्णाच्या शिरेत गेलं आणि रोग त्यानंतर समजला.

सेरामीच्या प्रयोगशाळेसमोर, यॉर्क अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे, स्लोन केटरिंग ही कर्करोगाची संस्था आहे. तिथे लॉइड ओल्ड एका जुन्या कोड्याचा माग काढत होता. १८९१ मध्ये विल्यम कोली या न्यू यॉर्कच्या शल्यविशारदानं कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जिवाणूंची लागण करायला सुरुवात केली होती. धावरं होऊन भयंकर ताप आलेल्या एका रुग्णाची गाठ विरून गेल्याची जुनी नोंद त्याला सापडली होती. पुढे कोली मेलेल्या जिवाणूंचं मिश्रण टोचू लागला. काहींच्या गाठी खरोखर वितळल्या, बऱ्याच जणांच्या नाही, आणि का ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बीसीजी दिली, मग जिवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विष दिलं, आणि त्या उंदरांच्या रक्तातला द्रव गाठी असलेल्या दुसऱ्या उंदरांना टोचला. गाठी काळ्या पडून आतून मेल्या. द्रवात विष जवळपास उरलंच नव्हतं, म्हणजे गाठ मारणारा पदार्थ उंदरानंच बनवला होता. १९७५ मध्ये हा निबंध छापून आला आणि त्या पदार्थाला नाव मिळालं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ.

सेरामी आणि त्याचा तरुण सहकारी ब्रूस ब्यूटलर यांनी आपला खंगवणारा पदार्थ शुद्ध केला तेव्हा १९८५ साल उजाडलं होतं. त्याची रचना तपासली तर ती टीएनएफचीच निघाली. कर्करोगावरचा संभाव्य उपाय म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जात होतं तोच रेणू जनावराला खंगवून मारत होता. ब्यूटलरनं उंदरांना टीएनएफविरोधी प्रतिपिंडं आधीच दिली, तर एंडोटॉक्सिनच्या घातक मात्रेतूनही बरेच उंदीर वाचले. पाठोपाठ केव्हिन ट्रेसीनं नुसता टीएनएफ उंदरांना टोचून दाखवला. कुठलाही जंतू नसताना त्यांना जंतुदोषाचा पूर्ण धक्का बसला.

टीएनएफ हा निरोप्या आहे. जंतूची चाहूल लागलेल्या मॅक्रोफेज आणि टी पेशी तो सोडतात आणि आसपासच्या पेशींना कामाला लावतात. त्याच्या सांगण्यावरून रक्तवाहिन्यांची भिंत सैल होते, तिच्यावर चिकट रेणू उगवतात, रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि ऊतीत उतरतात. त्या पेशी आल्यावर स्वतःही तोच निरोप पुढे धाडतात. जंतू संपला की हे थांबायला हवं. ते थांबलं नाही, तर जंतूशिवायच लढाई चालू राहते आणि मरतात त्या आपल्याच पेशी. अशा निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात, आणि आतड्याच्या दाहाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा बराचसा त्यांचाच इतिहास आहे.

पण १९८५ मध्ये टीएनएफच्या संदर्भात आतड्याचा विचार फारसा कुणी करत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा सेप्सिसवर होत्या. अतिदक्षता विभागात जंतुदोषानं माणसं मरत होती, आणि उंदरांवरचे प्रयोग सांगत होते की टीएनएफ अडवा, रुग्ण वाचेल.

अडवण्याचं साधन दहा वर्षांपूर्वीच हाताशी आलं होतं. ओल्डचा निबंध आला त्याच वर्षी, १९७५ मध्ये, केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची रीत दाखवली होती. न्यू यॉर्क विद्यापीठात यान व्हिल्चेक यांची प्रयोगशाळा त्या रीतीनं टीएनएफविरुद्ध प्रतिपिंड बनवायला लागली. व्हिल्चेक १९३३ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या ज्यू कुटुंबात जन्मले. युद्धाच्या काळात आधी अनाथाश्रमात आणि शेवटी आईबरोबर खेड्यात लपून हा मुलगा वाचला. १९६४ मध्ये पत्नी मारित्सासह व्हिएन्नाला जायची परवानगी मिळाली आणि दोघं परतलेच नाहीत. पुढच्या वर्षी ते न्यू यॉर्कला पोचले. चीनमधून आलेले त्यांचे सहकारी जुनमिंग ले यांनी उंदराच्या पेशींतून टीएनएफला घट्ट पकडणारं एक प्रतिपिंड मिळवलं. त्याला ए-टू म्हणत. फिलाडेल्फियाजवळच्या सेंटोकॉर कंपनीशी विद्यापीठाचा करार होता. उंदराचं प्रतिपिंड माणसाला दिलं की शरीर त्यालाच परकं समजून हल्ला करतं, म्हणून सेंटोकॉरच्या शास्त्रज्ञांनी टीएनएफला पकडणारा भाग उंदराचा ठेवला आणि उरलेला सांगाडा माणसाचा केला. अंदाजे पाऊण हिस्सा माणूस, पाव हिस्सा उंदीर. या संकरित प्रतिपिंडाचं प्रयोगशाळेतलं नाव सीए-टू. हेच पुढचं इन्फ्लिक्सिमॅब.

सेंटोकॉरची सगळी आशा मात्र दुसऱ्याच औषधावर होती. सेंटॉक्सिन हे त्यांचं एंडोटॉक्सिनविरोधी प्रतिपिंड सेप्सिसवर चालेल या भरवशावर कंपनीनं कारखाने उभारले, विक्रीची माणसं नेमली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवली. जानेवारी १९९३ मध्ये नवी चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या काही रुग्णांमध्ये मृत्यूच जास्त दिसू लागले. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांचंही सेप्सिसमध्ये तेच झालं. उंदरात वाचवणारा उपाय माणसात चालला नाही. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत तर टीएनएफ शोषून घेणाऱ्या औषधाची मोठी मात्रा मिळालेल्या गटात साधं सलाईन मिळालेल्यांपेक्षा जास्त माणसं दगावली. प्रयोगाच्या उंदराला औषध विषाच्या आधी मिळत होतं आणि माणूस इस्पितळात येतो तो दाह शरीरभर उसळल्यानंतर, हे त्याचं एक कारण. सीए-टूच्या कुप्या आता होत्या, पण त्या कशासाठी वापरायच्या हा प्रश्न उघडा पडला होता.

एक उत्तर लंडनहून आलं. केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी बशीत वाढवून तपासत होते. मैनी मूळचे लुधियान्याचे. त्यांच्या गटानं, त्यात फिओनुला ब्रेनन यांचं काम मोठं, १९८९ मध्ये दाखवलं की या पेशींमधला टीएनएफ अडवला की दाह पेटवणारे दुसरे रेणूही खाली येतात. म्हणजे या गर्दीत एक पुढारी होता. १९९२ मध्ये त्यांनी चेरिंग क्रॉस इस्पितळात पहिल्या रुग्णांना सीए-टू दिलं आणि वर्षानुवर्षं आखडलेले सांधे हलू लागले. मैनी-फेल्डमन यांचं काम हा या इतिहासातला अपवाद आहे. तिथे विचार खरोखर आधी झाला आणि औषध नंतर दिलं गेलं.

आतड्याची गोष्ट अशी सरळ नाही. त्यासाठी आधी त्या रोगाकडे वळायला हवं.

१९१३ मध्ये ग्लासगोचा शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यानं काही रुग्णांची हकीकत छापली. त्यांचं आतडं जाड, ताठ, लाल झालं होतं. दिसायला क्षयासारखं, पण क्षयाचे जंतू सापडत नव्हते. गुरांना होणाऱ्या जॉन्स रोगाशी त्यानं तुलनाही केली. ते लिखाण मागे पडलं. १९३२ मध्ये न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळातल्या बर्रिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी चौदा रुग्णांवर निबंध लिहिला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण, आतडं अरुंद होत जाणं, एका आतड्यातून दुसऱ्यात किंवा कातडीपर्यंत जाणारी भगेंद्रं, आणि रुग्ण बहुतेक तरुण. यातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया ए. ए. बर्ग या ज्येष्ठ शल्यविशारदाच्या होत्या. त्यांनी लेखकांत नाव घालायला नकार दिला. उरलेल्या तिघांची नावं वर्णानुक्रमानं लागली म्हणून क्रोन पहिला आला आणि रोगाला त्याचं नाव चिकटलं. गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी या कामाचा पाया घातला होता. त्यांचा उल्लेख मी इथे मुद्दाम करतो आहे.

पुढची साठ वर्षं उपाय फार थोडे होते. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव आणि विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस या क्रोन्सच्या भावंड-आजाराच्या २१० रुग्णांवरच्या चाचणीतून कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा उपयोग सिद्ध केला. स्टेरॉइडनं आग विझते, पण ते सोडलं की पुन्हा भडकते, आणि सोडलं नाही तर हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मुलांची उंची खुंटते. १९८० मध्ये माउंट सायनायच्याच डॅनियल प्रेझेंट यांनी क्रोन्सच्या ८३ रुग्णांवर दाखवलं की सिक्स-मर्कॅप्टोप्युरीन चालतं, पण परिणाम दिसायला महिने लागतात. बाकी सुरी. १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली होती. आतड्याचा तुकडा काढला तरी रोग बऱ्याचदा जोडाच्या जागी परत उगवतो, आणि विशी-पंचविशीत दोन-तीनदा पोट उघडलेले रुग्ण सर्वच देशांत होते.

१९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅकॅडेमिक मेडिकल सेंटरमध्ये क्रोन्स झालेली एक मुलगी होती, जेमतेम बारा-तेरा वर्षांची. स्टेरॉइड, इतर औषधं, नळीतून आहार, सगळं करून झालं होतं. त्याच इस्पितळात सँडर व्हान डेव्हेंटर सेप्सिसवर काम करत होते. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिनचा अत्यल्प अंश टोचून दर काही मिनिटांनी रक्त तपासलं होतं आणि टीएनएफ साधारण दीड तासात कसा शिखर गाठतो आणि मग कसा ओसरतो हे मोजलं होतं. म्हणून सेंटोकॉरचं सीए-टू तिथे माहीत होतं. दुसरीकडे लंडनच्या बालरोगतज्ज्ञांनी क्रोन्स झालेल्या मुलांच्या शौचात टीएनएफचं प्रमाण वाढलेलं असल्याचं १९९२ मध्येच लॅन्सेटमध्ये छापलं होतं. या दोन गोष्टी जोडून पाहणं एवढाच आधार. बर्ट डेर्क्स, यान तामिनियाउ आणि व्हान डेव्हेंटर यांनी तिला सीए-टू दिलं.

ताप उतरला, जुलाब थांबले, आतल्या व्रणांवर नवं आवरण आलं. सुधारणा काही महिने टिकली, मग आजार परतला. जुलै १९९३ च्या लॅन्सेटमध्ये या एका मुलीवर छोटं टिपण आलं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण दाहाचा विस्तव काही आठवड्यांत असा निवताना तोवर कुणी पाहिलाच नव्हता. ती मुलगी कायमची बरी झाली नाही, हे विसरून ही हकीकत विजयाची म्हणून सांगितली जाते ते मला पटत नाही. तिच्या आईवडिलांनी होकार दिला तो अनोळखी औषधाला, आणि तिच्या काही महिन्यांच्या आरामावर पुढच्या लाखो रुग्णांचं औषध उभं राहिलं. ऋण आहे ते तिचं.

त्याच गटानं पुढे दहा रुग्णांना हे औषध देऊन पाहिलं. हेंडरिक व्हान डुलेमन यांच्या १९९५ च्या निबंधात दहापैकी आठ जणांची लक्षणं चार आठवड्यांत ओसरली आणि दुर्बिणीतून पाहिलं तर व्रण भरलेले होते. मग अमेरिका आणि युरोपातल्या १०८ रुग्णांची चाचणी झाली, कुणाला औषध आणि कुणाला नुसतं सलाईन हे डॉक्टरलाही ठाऊक नसलेली. लॉस एंजलिसच्या स्टीफन टार्गन यांचा तो निबंध १९९७ मध्ये छापला. एकदाच औषध देऊन चार आठवड्यांनी पाहिलं. किलोमागे पाच मिलिग्रॅम मिळालेल्यांपैकी ८१ टक्के सुधारले, सलाईनवाल्यांपैकी १७ टक्के. दोन वर्षांनी प्रेझेंट यांनी भगेंद्राच्या ९४ रुग्णांवर तेच दाखवलं. वर्षानुवर्षं कपडे भिजवणारी, माणसाला चार लोकांत बसू न देणारी ती भोकं किलोमागे पाच मिलिग्रॅम मिळालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत मिटली. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि ती संधिवाताच्या आधी क्रोन्ससाठी मिळाली. एकेकाळी बुडायला निघालेली सेंटोकॉर १९९९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं ४.९ अब्ज डॉलरला विकत घेतली. व्हिल्चेक दांपत्यानं आपल्या वाट्याच्या स्वामित्वधनातला बराचसा पैसा दान केला. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वैद्यक शाळेलाच २००५ मध्ये १० कोटी डॉलरहून अधिक दिले.

इथे कुणालाही वाटेल की कोडं सुटलं, क्रोन्स म्हणजे टीएनएफचा अतिरेक. मग इटानर्सेप्टची चाचणी झाली. हे औषधही टीएनएफलाच पकडतं आणि संधिवातात उत्तम चालतं. क्रोन्सच्या रुग्णांवर २००१ मध्ये ते निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरलं नाही. रेणू तोच, अडवणंही तेच, मग फरक कुठे? अ‍ॅमस्टरडॅमच्याच गटानं २००३ मध्ये एक उत्तर पुढे केलं. टीएनएफ नुसता रक्तात तरंगत नसतो. सुटण्याआधी तो पेशीच्या कातड्यावर बसलेला असतो. आतड्यातल्या चेतलेल्या टी पेशींवर बसलेल्या या टीएनएफला इन्फ्लिक्सिमॅब पकडतं आणि त्या पेशी मरतात. इटानर्सेप्टनं ते घडत नव्हतं. म्हणजे औषध निरोप अडवत होतं एवढंच खरं नव्हतं. निरोप धाडणाऱ्या पेशींनाच ते संपवत होतं. उत्तर यापेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि त्यावर आजही वाद आहेत. पण एक नक्की आहे. इटानर्सेप्ट अपयशी ठरलं नसतं तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

२००१ मध्येच दुसरी गोष्ट पुढे आली, आणि ती आपल्याला फार जवळची आहे. बॉस्टनच्या जोसेफ कीन यांनी अमेरिकी औषध प्रशासनाच्या नोंदी चाळल्या तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब सुरू केल्यावर क्षय झालेले ७० रुग्ण सापडले. बहुतेक जणांना तीन किंवा त्याहून कमी सलाईनींनंतर आजार झाला होता, आणि निम्म्याहून अधिकांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे आधीच वर्तवता आलं असतं. १९८९ मध्ये जिनिव्हात पिएर व्हासाली यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं होतं की टीएनएफ अडवला तर उंदराच्या शरीरात क्षयाच्या जातीच्या जंतूभोवती ग्रॅन्युलोमाची भिंत बांधलीच जात नाही. आपल्या देशात असंख्य लोकांच्या फुप्फुसात क्षयाचा जंतू अशा भिंतीआड निजलेला असतो. तो बाहेर येत नाही याचं श्रेय पुष्कळसं टीएनएफला आहे. आतड्याला जाळणारा तोच, फुप्फुसाचा पहारेकरीही तोच.

आपल्याकडे अडचण याहून खोल आहे. क्षय आणि क्रोन्स दोघांचीही आवडती जागा एकच, लहान आतडं मोठ्याला मिळतं ती. दोन्हींत व्रण, दोन्हींत आतडं अरुंद होणं, दोन्हींत ताप आणि वजन घटणं, आणि तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दोन्हींत ग्रॅन्युलोमा. डॅल्झिएलला १९१३ मध्ये पडलेला पेच मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या पोटविकारतज्ज्ञाला आजही पडतो. म्हणून अनेक रुग्णांना आधी दोन-तीन महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं देऊन दुर्बिणीनं पुन्हा पाहिलं जातं. व्रण भरले तर क्षय, नाही भरले तर क्रोन्स. या प्रतीक्षेत क्रोन्सच्या रुग्णाचं आतडं आणखी आक्रसू शकतं. उलट बाजूनं, क्षयाला क्रोन्स समजून टीएनएफ अडवला तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. दोन चुकांमध्ये कमी वाईट चूक निवडावी लागते, आणि आपल्याकडचे डॉक्टर उशीर पत्करतात ते मला योग्य वाटतं. क्रोन्स निश्चित झाल्यावरही छातीचा एक्स-रे, कातडीवरची मांटू चाचणी किंवा रक्ताची तपासणी केल्याशिवाय हे औषध सुरू करत नाहीत. बीसीजी बहुतेकांना टोचलेली असल्यानं मांटूचा अर्थ लावणंही इथे सोपं नसतं. २०१४ च्या सुमारास इन्फ्लिक्सिमॅब आणि टीएनएफच अडवणारं अडालिमुमॅब या दोन्हींची भारतीय रूपं बाजारात आली. अडालिमुमॅबचं पहिलं तसं रूप डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसनं आणलं. किंमत उतरली, पण महिनोन् महिने चालणारा खर्च मध्यमवर्गीय घरालाही जड जातो.

टीएनएफच्या यशानंतर संशोधक एकेक करून बाकीच्या सायटोकाइनांकडे वळले, आणि बहुतेक वेळा अंदाज चुकले. १९९३ मध्ये जर्मनीत क्लाउस रायेव्स्की आणि वेर्नर म्युलर यांच्या गटानं इंटरल्यूकिन-१० बनवू न शकणारे उंदीर जन्माला घातले. इंटरल्यूकिन-१० हा शांत करणारा रेणू. तो नसलेल्या उंदरांच्या आतड्यात भयंकर दाह झाला. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर असे उंदीर निरोगी राहतात. म्हणजे आतड्यातल्या रोजच्या, निरुपद्रवी जंतूंना सहन करायला हा रेणू लागत होता. मग तो रुग्णांना टोचून पाहिला गेला. २००० च्या सुमारास चाचण्यांचे निकाल आले, सांगण्यासारखा फायदा नव्हता. पण त्या उंदरांचं मोल वेगळ्या जागी कळलं. काही बाळांना जन्मानंतर पहिल्या वर्षातच आतड्याचा प्रचंड दाह सुरू होतो, गुदद्वाराभोवती भगेंद्रं होतात, आजार कुठल्याच औषधाला दाद देत नाही. २००९ मध्ये एरिक-ऑलिव्हर ग्लोकर आणि क्रिस्टॉफ क्लाइन यांच्या गटानं अशा मुलांत इंटरल्यूकिन-१० चा निरोप स्वीकारणाऱ्या ग्राही रेणूच्या जनुकात बिघाड दाखवला. निरोप टोचून उपयोग नव्हता, ऐकणारंच कुणी नव्हतं. त्यातल्या एका मुलाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. ऐकू शकणाऱ्या नव्या पेशी आल्या आणि आतडं शांत झालं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत हलवून गेलेला प्रसंग हाच.

इंटरल्यूकिन-१७ नं तर उलटाच धडा दिला. क्रोन्सच्या आतड्यात तो भरपूर सापडतो, सोरायसिसमध्ये तो अडवला की कातडी स्वच्छ होते, तेव्हा इथेही चालेल असं सगळ्यांनाच वाटलं. २०१२ मध्ये तो अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबची चाचणी जाहीर झाली. औषध घेतलेल्यांची प्रकृती सुधारली नाहीच, उलट संसर्ग आणि त्रास वाढला. हा रेणू आतड्याच्या अस्तराची वीण घट्ट ठेवतो आणि बुरशीला आवर घालतो. सूज आलेल्या जागी एखादा रेणू जास्त सापडला म्हणजे सूज त्यानंच आणली असं नसतं. तो नुकसान भरून काढायलाही आलेला असू शकतो.

आणि एक तीर चुकीच्या लक्ष्यावर सोडून बरोबर लागला. वॉरन स्ट्रोबर यांच्या प्रयोगशाळेत मार्कुस नॉयराट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये इंटरल्यूकिन-१२ अडवून उंदरांचा आतड्याचा दाह बरा केला होता. २००४ मध्ये ७९ रुग्णांवरच्या चाचणीतही तसं प्रतिपिंड चाललं. पण इंटरल्यूकिन-१२ दोन तुकड्यांचा बनतो, आणि प्रतिपिंड त्यातल्या पी-४० या तुकड्याला पकडत होतं. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डीएनएएक्स संस्थेनं दाखवलं की हाच तुकडा पी-१९ नावाच्या दुसऱ्या तुकड्याशी जोडी जमवून एक वेगळाच रेणू बनवतो, इंटरल्यूकिन-२३. म्हणजे बाराला अडवताना तेविसावाही अडत होता. यातला खरा गुन्हेगार कोण? २००६ मध्ये रिचर्ड डूअर, ज्युडी चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची जनुकं तपासली, तर इंटरल्यूकिन-२३ च्या ग्राही रेणूचा एक विरळा प्रकार ज्यांच्याकडे होता त्यांना क्रोन्स होण्याची शक्यता स्पष्टपणे कमी निघाली. २०१६ मध्ये पी-४० पकडणारं उस्टेकिनुमॅब क्रोन्ससाठी मंजूर झालं, २०२२ मध्ये फक्त पी-१९ पकडणारं रिसॅनकिझुमॅब.

दोन्हींची समोरासमोर तुलना २०२४ मध्ये छापली गेली. टीएनएफवरच्या औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता असे क्रोन्सचे रुग्ण त्यात घेतले होते. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा रिसॅनकिझुमॅबवर असलेल्यांपैकी ३१.८ टक्क्यांचं आतडं जवळपास स्वच्छ होतं, उस्टेकिनुमॅबवर असलेल्यांपैकी १६.२ टक्क्यांचं. बारा आणि तेवीस दोन्ही अडवणाऱ्या औषधापेक्षा नुसता तेविसावा अडवणारं औषध सरस ठरलं. याच चाचणीत रिसॅनकिझुमॅब मिळूनही दोन-तृतीयांशांच्या आतड्यात व्रण किंवा सूज राहिली होती. त्यांच्या आतड्यात कोणता निरोप फिरतो आहे, तो एकच आहे की अनेक, आणि त्यातला कुठला अडवायचा, कुठला राखायचा, यावर सध्या दोन प्रतिपिंडं एकत्र देण्याच्या चाचण्या चालू आहेत.